उसन्या शेळ्यांचं गाव

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी माणगावला मागच्या पडवीत वाल निवडत बसले होते. "बाई, चार दिवस मोकळे काढाल का?" त्यानं विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत "नाही म्हणू नका" असंही म्हणून टाकलं.

प्रशांत माझा विद्यार्थी. पाचवीपासून दहावीपर्यंत मी त्याला इंग्रजी शिकवलं. आता तो पुण्याच्या एका संस्थेत काम करतो. संस्थेला परदेशातल्या एका मोठ्या निधीतून पैसे मिळतात. शिरूर-दौंडकडच्या कोरडवाहू गावांत बायकांना शेळ्या, बियाणं, ठिबकच्या नळ्या असं काहीबाही द्यायचं, काही शिकवायचं आणि घर स्वतःच्या पायावर उभं राहील असं बघायचं, हे त्यांचं काम. पहिला टप्पा संपला होता. दुसरा द्यायचा की नाही हे ठरवायला निधीवाल्यांकडून एक बाई येणार होत्या, आणि ठरलेल्या दुभाषिणीला नेमका डेंग्यू झाला होता.

"अरे, मी जन्मभर कर्तरी-कर्मणी शिकवलं. ते विकासाचं इंग्रजी मला कुठं येतंय?"

"बाई, तुम्ही खोटं काही बोलणार नाही, एवढं मला ठाऊक आहे. बाकीचं चालेल."

निवृत्तीनंतर घरात बसून मला कंटाळाही आला होताच. मी एक वही काढली, नातवाच्या मोबाइलवर शोधून शोधून तिच्यात अवघड शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ लिहिले आणि पुण्याची एसटी धरली.

पुणे ते शिरूर

पाहुण्या बाईंचं नाव ग्रेस. मी गोरी, कॅमेरा लटकवलेली बाई डोळ्यांपुढे आणली होती. गाडीत बसली होती ती केनियाच्या उत्तरेकडची, उंच, काळीसावळी, चष्मेवाली, पंचेचाळिशीची बाई. पायात धुळीला सरावलेले बूट. मी वही उघडून "आपले स्वागत आहे"चं इंग्रजी जुळवत होते, तोवर तिनं मला अर्धं केळं दिलं आणि खिडकीबाहेर बघत विचारलं, "हे सगळं शेतीचं आहे की कारखान्यांचं?"

उत्तर सोपं नव्हतं. वाघोली सोडली, कोरेगाव भीमाचा पूल ओलांडला, तरी एका बाजूला कारखान्याची भिंत आणि दुसऱ्या बाजूला कांद्याची लागण, असं आलटून पालटून चालूच होतं. शिक्रापूरला ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली म्हणून चहाला उतरलो. टपरीवाला बिहारचा, बाजूची पोरं ओडिशाची, बोर्ड इंग्रजीत. दुभाषी म्हणून मी पहिलं काम केलं ते हिंदीतून. "साखर कम" एवढंच.

"मराठी बोलणारे कधी भेटतील?" ग्रेसनं हसून विचारलं. प्रशांत म्हणाला, "अजून तासाभरानं. मग थांबवता येणार नाहीत."

माळावर

शिरूर मागे टाकून आम्ही घोड नदीच्या अंगानं पूर्वेला गेलो. दोन्हीकडे ऊस होता, इतका दाट की आत शिरलं तर माणूस सापडायचं नाही. मग गाडी एका चढाला लागली आणि ऊस एकदम संपला. कालव्याचं पाणी चढ चढत नाही. वर मुरमाड माळ, तरवडाची झुडपं, मधूनमधून शाळूच्या पट्ट्या आणि त्यांच्यावर पाखरं हाकणारी माणसं. आमच्याकडे पाऊस इतका की भिंतींना शेवाळ धरतं. इथं पौषातच विहिरीचा तळ दिसत होता.

गावाचं नाव मी लिहीत नाही. तसं मी तिथल्या बायकांना कबूल केलं आहे. वस्ती बहुतेक धनगरांची. आज्या-पणज्यांनी मेंढरं राखली, आता घरोघर थोडी शेती. एका अंगाला बौद्धवाडा. तिथली माणसं शेती करतात, मजुरीला जातात, काहीजण कारखान्यांत आहेत.

देवळापुढे बारा बायका उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात दोर आणि दोराला शेळी. प्रत्येक शेळीच्या गळ्यात सुतळीनं बांधलेला पिवळा बिल्ला. संस्थेनं तीन वर्षांपूर्वी दिलेल्या त्या शेळ्या ह्याच, असं प्रशांतनं सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, पाहुण्या बाईंच्या धाकानं.

ग्रेस ओळीतून हळूहळू चालत गेली. कुणाच्या शेळीचे दात बघ, कुणाची कास चाचप, असं चाललं होतं. टोकाला हौसाबाई नावाची सत्तरीची बाई होती. कपाळावर मोठं कुंकू, डोळे बारीक आणि सावध.

"हिचं नाव काय ठेवलंत?" ग्रेसनं विचारलं, मी मराठीत सांगितलं.

हौसाबाईनं शेजारणीकडे बघितलं. ती कुजबुजली, "सांग की, चंद्री."

"चंद्री," हौसाबाई म्हणाली.

तेवढ्यात बांधापलीकडे बसलेले एक म्हातारे खाकरले. शेळीनं कान टवकारले, एक हिसडा दिला, दोर सुटला, आणि चंद्री धावत जाऊन त्या म्हाताऱ्यांच्या धोतराला अंग घासायला लागली. बायका खळखळून हसल्या आणि लगेच गप्प झाल्या.

हौसाबाईनं माझ्यापुढे हात जोडले. "बाई, शेळी ह्या आप्पांचीच हाय. आजच्या दिसापुरती आणली. आमच्या समद्या मेल्या. पर ह्ये त्यास्नी नगा सांगू, पाया पडते. आमचं जाऊ द्या, पल्याडच्या गावांना मिळायचं त्ये बी जाईल."

"काय म्हणाल्या त्या?" ग्रेसनं विचारलं.

मी प्रशांतकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. वर्गात गृहपाठ केलेला नसला की असाच उभा राहायचा.

"त्या म्हणतात," मी इंग्रजीत म्हणाले, "आप्पा तिला रोज चारा घालतात, म्हणून तिला त्यांचा लळा आहे."

वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

शिरूरच्या लॉजवर

संध्याकाळी मी प्रशांतला गॅलरीत गाठलं. मी ओरडणार हे त्यानं धरलंच होतं. पण मी हळूच बोलले.

"तुला ठाऊक होतं."

"हो, बाई."

"आणि मला आणलंस. मी खोटं बोलणार नाही म्हणून आणलंस."

तो कठड्याला टेकला. "मी या कामावर आलो तेव्हा शेळ्या मेलेल्याच होत्या. आधीच्या माणसानं त्या कागदावर जिवंत ठेवल्या होत्या. मी ते वर कळवायला हवं होतं. आज कळवू, उद्या कळवू करत वर्ष गेलं. मग ही पाहणी लागली आणि बायका म्हणाल्या, साहेब, तुम्ही काळजी करू नका, शेळ्या आम्ही आणतो." त्याचे डोळे भरून आले होते. "दौंडकडच्या गावांच्या याद्या झाल्यात, बाई. तिथल्या बायका वाट बघतायत."

ज्या मुलाला मी दहावीपर्यंत पट्टी लावली नाही, त्याला आता काय बोलू? आणि मीही तर त्याच्याच बाकावर येऊन बसले होते.

जेवायला आम्ही तिघं एका छोट्या खानावळीत गेलो. ताटात हुलग्याची शेंगोळी आली, तिखटजाळ रश्शात बुडलेली, वर कच्चं तेल, सोबत बाजरीची भाकरी. हुलगा म्हणजे आमचा कुळीथ. आमच्याकडे त्याची पातळ पिठी करून भातावर घेतात. इथं तेच पीठ मळून बोटाएवढ्या वळ्या करतात. दोन घास खाल्ल्यावर माझ्या नाकातून पाणी यायला लागलं. ग्रेस मात्र निवांत जेवत होती.

प्रशांत हात धुवायला गेला तशी ती म्हणाली, "त्या सगळ्या शेळ्या बायकांकडे पाठ करून उभ्या होत्या. आणि बिल्ला कानात टोचलेला असतो, सुतळीनं बांधत नाहीत."

"मी आज एक वाक्य बदललं," मी म्हणाले.

"मला कळलं. त्या आजी तुमच्यापुढे हात जोडत होत्या. शेळीला म्हाताऱ्याचा लळा आहे, हे सांगायला कुणी हात जोडत नाही."

मी माफी मागितली. तिनं मान हलवली. "ते वाक्य आज मला सांगू नका. ते त्यांचं आहे, त्यांनीच सांगू द्या. आपण उद्या दोघीच जाऊ, गाडी गावात न नेता." मग म्हणाली, "मी शेळ्या मोजायला आलेली नाही. पण खोट्यावर पुढचा टप्पा दिला, तर पुढच्या गावांतही ह्याच शेळ्या जातील आणि तशाच मरतील. मग त्या बायकांनी कुणाच्या उसन्या आणायच्या?"

हे माझ्या मनातच आलं नव्हतं. दयेपोटी खोटं बोलले, एवढाच माझा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी, पायी

फाट्यावर गाडी सोडून आम्ही दोघी चालत निघालो. थंडी कडक होती. शाळूच्या ताटांवर दव, आणि कुठून तरी कांदा काढल्याचा ओला वास. वाटेत माझी चप्पल तुटली. ग्रेसनं पिशवीतून दोरी काढून ती अशी बांधली की परत माणगावला पोचेपर्यंत सुटली नाही.

हौसाबाईचं घर गावाच्या कडेला. ती परड्यात चुलीपुढे भाकरी थापत होती. आम्हाला पायी आलेलं बघून तिचा हात परातीतच राहिला. "गाडी कुठंय? साहेब न्हाईत?"

"आज आम्ही दोघीच. भाकरी खायला आलोय," मी म्हणाले.

"मग बसा की." ती म्हणाली खरी, पण चेहरा उतरला होता.

खुंट्याला एक ठेंगणी, काळीभोर शेळी बांधलेली होती आणि तिची दोन करडं चुलीच्या उबेला येऊन बसली होती. काल ती ओळीत नव्हती. मी हौसाबाईशी बोलायच्या नादात वही खाली ठेवली. वळून बघते तर शेळीनं उपजीविका, लाभार्थी, शाश्वत, क्षमताबांधणी अशी सगळी पानं चावून टाकली होती आणि पुठ्ठ्याला लागली होती. मी ओरडले. हौसाबाई धावली, तोंडातून कागद ओढायला लागली, आणि ग्रेस हसत हसत तिथंच उकिडवी बसली. हसणं थांबल्यावर तिनं शेळीच्या कासेकडे बोट केलं आणि हौसाबाईला खुणेनं विचारलं, काढू का?

हौसाबाईनं संशयानं तांब्या दिला. ग्रेसनं गुडघा शेळीच्या पोटाला टेकला, दोन बोटांनी कास चोळली आणि धार काढायला लागली. शेळी हललीसुद्धा नाही. तांब्यात फेस चढला तसे हौसाबाईचे बारीक डोळे मोठे होत गेले.

"ही तर आपल्यातलीच हाय की ओ, बाई!"

मी ते ग्रेसला सांगितलं. ती म्हणाली, "माझा बाप मेंढपाळ. शाळेत जायच्या आधी मी तीस शेळ्यांची धार काढायचे." मी तेही सांगितलं.

मग हौसाबाईनं मला विचारलं, "आन् तुम्ही कुठल्या?"

"माणगावची. रायगड जिल्हा."

"माणगाव?" तिनं पीठ लागलेला हात गालावर ठेवला. "दिवाळी झाली की घाट उतरून आमचा मेंढरांचा वाडा तिकडंच यायचा. मी एवढी व्हते. भाताच्या खाचरात मेंढरं बसवायचो, आन् मालक भात मापून घालायचा."

आमच्या खाचरात दर वर्षी मेंढरं बसत. बाबा त्या लोकांची वाट बघत असत. मेंढरं बसली नाहीत तर पुढचं पीक उतरतं, असं म्हणत. ती माणसं कुठून येतात आणि कुठं जातात, हे मी कधीही विचारलं नव्हतं. "हौसाबाई," मी म्हणाले, "मी तुमच्या खतावर पिकलेला भात खाऊन वाढले." ती नुसती हसली आणि तिनं पहिली भाकरी माझ्या हातावर ठेवली.

भाकरी, ताजं दूध, लसणाची चटणी. खाणं झालं तशी ती पदराला हात पुसून ग्रेसच्या समोर बसली.

"बाई, आता सांगा तिला. मी सांगते तसं सांगा, गाळू नका."

आणि तिनं सांगितलं. लांबून ट्रकनं आणलेल्या, उंच, लांब कानांच्या शेळ्या होत्या त्या. बघायला राजबिंड्या. चार भिंतींत बांधून चारा घालायचा, अशी त्यांची जात. माळावर हिंडायची सवय नाही, इथली थंडी माहीत नाही. पहिल्या पावसाळ्यात काही खोकून गेल्या. उरलेल्यांनी कोवळं गवत खाल्लं, पोट फुगलं, पाय झाडले आणि गेल्या. "सकाळच्याला दावं सोडाय जावं, तर ताठ झालेली. आम्ही लई रडलो. फुकटची असली म्हणून काय झालं? दावणीला बांधली म्हंजी आपलीच की." काल आणलेल्या शेळ्या कुणाकुणाच्या, तेही तिनं एकेक नाव घेऊन सांगितलं. आणि शेवटी, "ह्या बाईंनी काल आमच्यासाठी खोटं सांगितलं. त्यांच्यावर राग धरू नगा म्हणावं."

मी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत सांगत गेले. वही नव्हती, तरी एकही शब्द अडला नाही. शेवटच्या वाक्याला मात्र मला दोनदा सुरुवात करावी लागली.

ग्रेसनं तिच्या वहीत काहीच लिहिलं नाही. तिनं काळ्या शेळीकडे बघून विचारलं, "मग ही कशी जगली? पावसाळा तर हिनंही बघितला असेल."

"ही गावरान. आन् हिला सुई टोचलीय, संगीतानं."

"संगीता कोण?"

हौसाबाईनं चकित होऊन आमच्याकडे बघितलं. "म्हंजी? तुमीच न्हाई का तिला शिकवलं?"

भीमा ओलांडून

संगीता बौद्धवाड्यातली, तिशीची, दहावी झालेली. संस्थेनं शेळ्या दिल्या त्याच वर्षी गावातल्या एका बाईला दहा दिवस लसीकरण शिकवलं होतं. कुणी जायला तयार नव्हतं म्हणून संगीता गेली. अहवालात शेळ्यांसाठी रकाना होता, संगीतासाठी नव्हता. त्यामुळे वरच्या कुठल्याच कागदावर तिचं नाव गेलं नाही. प्रशांतलाही ती 'लस देणारी कुणी ताई' एवढीच ठाऊक होती.

तिसऱ्या दिवशी ती आमच्या पुढे स्कूटीवर आणि आम्ही गाडीत, असे दौंडच्या बाजूला निघालो. हौसाबाईनं सगळं सांगितल्याचं आम्ही प्रशांतला कळवलं होतं; तो चालकाशेजारी बसला होता. संगीताच्या पायांपाशी बर्फाचा निळा डबा होता आणि त्यात लस. भीमा ओलांडली तशी हवाच बदलली. पाटसच्या बाजूला कारखान्याचा हंगाम जोरात होता; उसाच्या मोळ्यांनी लादलेले ट्रॅक्टर, रस्त्यावर सांडलेलं पाचट आणि मळीचा आंबूस वास. एका गुऱ्हाळावर थांबून आम्ही कढईतला गरम गूळ पळसाच्या पानावर घेतला. मी घाई केली आणि जीभ भाजून घेतली. दुभाषीच मुका झाला म्हणून प्रशांत तीन दिवसांत पहिल्यांदा हसला.

पाटसच्या अलीकडे एका वस्तीवर संगीतानं स्कूटी लावली. आबा नावाचे एक म्हातारे धनगर, पन्नासेक शेळ्या-मेंढ्या, सुना, नातवंडं. आम्ही पोचायच्या आधीच आबांनी जनावरं वाघुरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घालून ठेवली होती. ते एकेक शेळी गुडघ्यात धरत, संगीता सुई टोचे, निळ्या खडूनं पाठीवर रेघ ओढे. दोघं काही बोलत नव्हते, पण हात असे चालत होते, जसे एका घरातल्या दोन सुगरणींचे.

काम झाल्यावर ग्रेसनं विचारलं, "हे पहिल्यापासून असंच होतं का?"

संगीता आबांकडे बघून हसली. "सांगू का, आबा?"

"सांग की. झालं ते झालं."

"मॅडम, पहिल्यांदा आले तर यांनी मला वाघुराच्या बाहेरच उभी केली. तासभर. आमच्या गावात पण तेच. मेंढरं राखण्यात यांचा जन्म गेला, आणि बौद्धवाड्यातली बाई येऊन सुई टोचणार? कुणी हात लावू देईना. परत जाताना रडायचे, पण स्कूटीवर, म्हणजे कुणाला दिसायचं नाही. मग त्या शेळ्या मेल्या. हौसाबाई स्वतः घरी आली माझ्या. म्हणाली, माझी काळी तेवढी वाचव. तिच्या काळीला टोचलं, तिच्या भावकीतल्या सात-आठ शेळ्यांना टोचलं. त्या पावसाळ्यात त्यातली एक पण गेली नाही. नंतर काही सांगायची गरजच पडली नाही. आता भीमेच्या दोन्ही बाजूची गावं करते. औषध संपलं की पदरचं घालते, बर्फ मच्छीवाल्याकडून घेते."

मी हे इंग्रजीत सांगत असताना आबा मधेच म्हणाले, "आन् ह्ये बी सांगा बाई. पोरगी तासभर उभी व्हती, तवा मी तिला पाणी बी इचारलं न्हाई. आता माझ्या सुना तिला जेवल्याबगर सोडत न्हाईत. पर त्यो तास काय माझ्या डोक्यातनं जात न्हाई."

संगीता खाली बघून डब्याचं झाकण लावत राहिली. मग म्हणाली, "च्या टाका, आबा. पाहुण्या थंडीत बसल्यात."

जेवायला हुरडा होता. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली शाळूची कणसं, तळहातावर चोळून दिलेले हिरवे दाणे, दाण्याची चटणी आणि गूळ. ग्रेस आबांच्या सुनेकडून कणीस चोळायला शिकली आणि तिचे हात पोळले. ती फुंकर घालत म्हणाली, "तीन वर्षं आमच्या ऑफिसात सगळे विचारत होते, त्या शेळ्यांचं काय झालं? हिचं काय झालं, असं कुणीही विचारलं नाही. चूक आमचीही आहे." हे तिनं प्रशांतकडे बघून म्हटलं, आणि मग मला म्हणाली, "हे त्यांनाही सांगा." मी सांगितलं. आबांना ते फारसं कळलं नसावं. त्यांनी तिच्या हातावर आणखी हुरडा घातला.

दौंड स्टेशनपाशी आम्ही निरोप घेतला. ग्रेस गाडीतून पुण्याला जाणार होती, मला कुरकुंभला मुक्कामाला चुलतबहिणीकडे जायचं होतं. प्रशांतनं घडी घातलेले तीन कागद माझ्या हातात दिले. त्याच्या हस्ताक्षरातला इंग्रजी मजकूर होता. शेळ्या कधी मेल्या, कागदावर जिवंत कशा राहिल्या, त्याला केव्हापासून ठाऊक होतं, आणि संगीतानं काय केलं.

"बाई, ग्रेस मॅडमना द्यायच्या आधी तपासता का?"

मी स्टेशनबाहेरच्या बाकावर बसून वाचलं. दोन स्वल्पविराम घातले. बाकी कुठंही पेन लावलं नाही. "नोकरी जाईल का रे?" मी विचारलं. "जाईलही," तो म्हणाला. गाडीपाशी जाऊन त्यानं ते कागद ग्रेसच्या हातात दिले, तेव्हा मला त्याला शिकवल्याचं समाधान वाटलं.

परतल्यावर

चार महिन्यांनी ग्रेसचं पत्र आलं. वरिष्ठांनी संस्थेला खडसावलं होतं, पण प्रशांतची नोकरी राहिली होती. दौंडकडच्या गावांत लांब कानांच्या शेळ्या जाणार नव्हत्या. त्याऐवजी दोन्ही तालुक्यांतल्या बायकांना लसीकरण आणि जनावरांची निगा शिकवायची, लसीसाठी गावात फ्रिज ठेवायचा, आणि शिकवणारी म्हणून संगीताला पगारावर नेमायचं, असं ठरलं होतं.

मी चार दिवस गेले होते ते कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून. उलट तिकडच्यांनीच मला किती दिलं, हे लिहायला बसल्यावर कळतंय. चुलीपुढे बसून खरं बोलणं किती सोपं असतं, हे मला एका निरक्षर बाईनं दाखवलं. आमच्या खाचरांत खत घालून निमूट घाट चढून जाणाऱ्या माणसांचं घर मला बघायला मिळालं. आणि माझ्या चुकीला ग्रेसनं जितक्या हळुवारपणे हात लावला, तितक्या हळुवारपणे मी माझ्या वर्गात कुणाची चूक दाखवली असेन की नाही, शंका आहे.

गेल्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. हौसाबाई होती. संगीताच्या मोबाइलवरून बोलत होती आणि फोनवर बोलताना ओरडावं लागतं अशी तिची समजूत.

"बाई, वर्ग सुरू झालाय! पल्याडच्या बाया बी येत्यात. संगी सुई शिकवती. आन् मला मास्तरीण केलीय!"

"तुम्ही काय शिकवता?"

"शेळी आजारी पडायच्या आदी कशी वळखायची, त्ये. मला काय लिवता येतंय? मी नुसतं दाखवती. पयल्या दिशी मला खुर्ची दिली बसाया, समद्या पोरी वह्या घिऊन म्होरं. मी म्हनलं, खुर्चीवरनं शेळीचा डोळा दिसत न्हाई गं बायांनो. वह्या मिटा, आन् समद्या खाली बसा."